काखा वर करायच्याच असतील तर

इंदाय रोवेना,

भात झाकून ठेवलाय, सुका मासा तळलाय. मी चर्चमध्ये फुलं लावायला जातेय. चिमटा शोधत बसू नकोस, तो माझ्या पर्समध्ये आहे.

"डोकं दुखतंय, आज मिरवणुकीत राणी होणार नाही," म्हणालीस. डोकं नाही गं, काखा! कपडे वाळत घालताना दिसल्या मला. केस उपटून उपटून मुळं सुजवलीस. आता पुळ्या उठल्या, काळे डाग राहिले. दवाखान्यातली नर्स म्हणाली, उपटणं थांबवलं तर फिकट होतील, पण महिने लागतील. आणि कालामान्सीचं लिंबू चोळू नकोस. ते माशावर पिळायचं, कातडीवर नाही.

भिंतीवरचा माझा फोटो बघ. मीही याच मिरवणुकीत राणी होते. सगळे म्हणतात, काय सोज्वळ पोर, हात कसे अंगाशी धरलेत! सोज्वळ कसली? तुझ्या आजीचा चिमटा मीही चोरला होता. बेकरीच्या कोपऱ्यावरून तुझा बाप हात हलवत होता, आणि मला उलट हात हलवता येईना. वर्षभर मला गर्विष्ठ समजत होता बिचारा.

गाऊन इस्त्री करून दारामागे टांगलाय. बिनबाह्यांचाच.

आयत्या वेळी काखा वर करू नकोस. करायच्याच असतील तर मिरवणुकीत कर. आम्ही दोघं बेकरीच्या कोपऱ्यावर उभे असू, चांगला हात उंचावून हलव.

तुझी आई, नानाय