बुजलेली छिद्रं

४ ऑगस्ट, सोम.
फिरत्या दवाखान्याची गाडी आज बांधून दिली. आतून सगळीकडे छिद्रांचा पत्रा, त्याच्या मागे लोकर. इंजिनचा आवाज छिद्रांतून शिरून लोकरीत जिरतो. पत्रा कोराच ठेवा, असं सांगितलेलं. पण आपल्या वर्कशॉपातून कोरा पत्रा कधी गेलाय? पुट्टी, घासकाम, वर दोन हात पांढरा रंग. चकाचक. स्वतःवरच खूश.

११ ऑग.
गाडीवरच्या नर्स कुंदाबाई आल्या. लसींच्या फ्रीजसाठी इंजिन चालूच ठेवावं लागतं. "भाऊ, पोटावर नळी लावली तं लेकराचे ठोकेच आयकू येत नाई. जिवतीच्या पहाडातल्या बाया माह्या तोंडाकडे पाहून राह्यतात."
मी म्हटलं, "पत्रा तं नवा हाय बाई. उमर झाली, कान दाखवून घ्या कुठी." वर हसलो. चार माणसांसमोर.
बाई पर्स उचलून निघाल्या.

१९ ऑग.
गाडी दिव्याच्या कामाला आली. एक पत्रा काढून सहज उन्हात धरला. एकाही छिद्रातून उजेड येईना. पुट्टीनं सगळी बुजलेली. माझ्याच हातानं.
ड्रायव्हर सदू म्हणाला, "बाईनं चंद्रपूरले कान दाखवले. थेंब देल्ले. गाडीवरची ड्यूटी सोडतो म्हणून अर्ज लिवला."
बावीस वर्षं ही बाई पहाड चढतेय. आणि मी... लाज वाटते. जेवण गेलं नाही.

२३ ऑग.
सगळे पत्रे बदलले. कोरे. इंजिन चालू करून आत बसलो, घड्याळाची टिकटिक ऐकू आली. सदूनं विचारलं, "काऊन बदलले?" म्हटलं, "बोल्ट ढिले होते." सरळ खोटं.

२९ ऑग., शुक्र.
कुंदाबाई पेढे घेऊन आल्या. "काल तिघींचे ठोके साफ आयकू आले भाऊ! दवाई लागू पडली. अर्ज फाडला. तुमीच तं सांगतलं होतं कान दाखवाले."
सांगायचं होतं. खरंच. तोंडातून निघालं, "बरं झालं बाई."
त्यांनी पर्समधून थेंबांची बाटली काढून दाखवली. आता रोज टाकतात. जन्मभर टाकीन म्हणाल्या.
पेढा हातातच राहिला. सोमवारी गाडी इथूनच जाते. थांबवून सांगावं. चार माणसांसमोरच सांगावं, तेव्हा हसलो होतो तसं. सदूला म्हणून ठेवलंय, बाईंना दोन मिनिटं खाली उतरव. काऊन, ते मात्र त्यालाही अजून सांगितलं नाही.