इंजिन अखंड चालू आहे

११ जानेवारी
आजपासून रोजनिशी. विषय एकच, मागच्या खोलीतलं इंजिन. भावना लिहायच्या नाहीत. फक्त नोंदी.

इंजिन : एक सिलिंडर, दोन मोठी चाकं, डोक्यावर पाण्याचा उघडा हौद. वय पाऊणशेच्या आसपास. भंगारवाल्याकडून घेतलं. तो म्हणाला, साहेब, वजनावरच घ्या. म्हणजे त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

इंजिन येऊन सात महिने झाले. हा काळ अभ्यासाचा होता. आज सुटे भाग मोजले. दोनशे चौदा. प्रत्येकाला शाईने नंबर लिहून चिठ्ठी बांधली आणि सगळे रॉकेलमध्ये भिजत घातले.

१२ जानेवारी
शाई गेली. हरकत नाही. सगळं डोक्यात आहे.

१९ जानेवारी
जोडणी पूर्ण. अकरा भाग उरले. जुन्या काळचे कारखानदार हात सैल सोडून भाग घालत. उरलेले एका डब्यात ठेवले.

सासरे दिवसभर दारात स्टूल टाकून बघत होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते आमच्याकडेच राहायला आले. मागची खोली त्यांना द्यायचं ठरलं होतं, पण त्याच आठवड्यात इंजिन आलं. तेव्हापासून ते हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. तक्रार नाही. चौतीस वर्षं त्यांनी पिठाची गिरणी चालवली. आज म्हणाले, जावईबुवा, आमच्या गिरणीला असलंच होतं. मी म्हटलं, असेल. पिठाचा माणूस. त्याला इंजिन म्हणजे पट्ट्याच्या पलीकडचा आवाज.

२७ जानेवारी
डब्यात चारच भाग. अकरा होते. उंदीर.

ही म्हणते, उंदीर लोखंड नेत नाहीत. हिचा उंदरांचा अभ्यास नाही.

२ फेब्रुवारी
जुन्या यंत्रांच्या मंडळाचं पत्रक आलं. तेवीस तारखेला मेळावा. पहिल्याच पानावर सहभागी सभासदांत माझं नाव आहे. तेवढं पान चारदा वाचलं.

हिला दाखवलं. तिने पत्रक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, अहो, बाबा सात महिने दिवाणावर पाय दुमडून झोपतायत. आता एक काय ते ठरवू. मेळाव्यात चार लोकांसमोर हे चाललं तर खोली तुमची, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही चाललं तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल आणि खोलीत बाबा जातील.

मी लगेच हो म्हटलं. जिंकलेली पैज टाळू नये.

६ फेब्रुवारी
हँडल साठ वेळा फिरवलं. इंजिन शांत. कॉम्प्रेशन उत्तम असल्याचं हे लक्षण.

शेजारचा फिटर कुंपणावरून म्हणाला, काका, तुम्ही इंजिनाला व्यायाम देताय की ते तुम्हाला? कारखान्यात नोकरी असलेल्या माणसाला स्वतंत्र विचार समजत नाही. सासरे म्हणाले, जावईबुवा, एकदा दुसऱ्या बाजूने फिरवून बघा. मी म्हटलं, गिरणीत फिरवत असतील.

डब्यात एक भाग.

१० फेब्रुवारी
साठ वेळा. पाठ धरली. डबा रिकामा. उंदरांचा बंदोबस्त करायचा आहे, पण पाठीनंतर.

१४ फेब्रुवारी, दुपारी बारा
चाललं.

१४ फेब्रुवारी, दुपारी दोन
सविस्तर. सकाळी दहाला चाळीस वेळा हँडल फिरवलं. काही नाही. ग्रीस आणायला बाजारात गेलो. येताना कोपऱ्यावरच ऐकू आलं. ठक्, मग चार सुस्कारे, मग पुन्हा ठक्. मी पळालो. खोलीत इंजिन चालू. सासरे शेजारी स्टुलावर बसून चिंधीने हात पुसत होते. म्हणाले, तुम्ही सकाळी जे काही केलंत ना, ते आत्ता लागू पडलं.

अचूक निदान. पिठाच्या माणसाकडून अपेक्षा नव्हती.

ही स्वयंपाकघरातून आली. आधी इंजिनाकडे बघितलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, छान. आता बंद करा, जेवायला वाढलंय.

मी हात आडवा केला. हे इंजिन मेळाव्यापर्यंत बंद होणार नाही. सकाळची हवा, ग्रीसची दिशा, चाळीस फेऱ्या, हे सगळं पुन्हा जुळेल कशावरून? आणि पैजेत शब्द होता ‘चाललं तर’. ‘सुरू केलं तर’ असा शब्द नव्हता. जे चालू आहे ते चालू ठेवायचं. नऊ दिवस.

जेवण खोलीच्या दारात उभ्याने.

१५ फेब्रुवारी
व्यवस्था. धुराची नळी खिडकीतून बाहेर काढली. टाकी साडेतीन तासांत संपते, म्हणून पाळ्या लावल्या. सकाळ मी, दुपार ही. रात्रीचा प्रश्न होता. सासरे स्वतःहून म्हणाले, मला तशी झोप कमीच, मी बघतो, खाट तेवढी आत टाका. खाट टाकली. सत्तराव्या वर्षी, अशा गुडघ्याने, रात्रपाळी. त्याग म्हणतात तो हा.

१६ फेब्रुवारी
काल कानात कापूस घालून झोपलो. मधूनच जाग आली तेव्हा कापूस काढून पाहिला. इंजिन अजिबात ऐकू आलं नाही. कानाला एका दिवसात सवय होते. शरीर ही अजब गोष्ट आहे.

पाळीच्या वहीत सासऱ्यांची नोंद : ‘रात्र ठीक.’ अक्षर टपोरं. माणूस ताजातवाना.

१७ फेब्रुवारी
शोध लागला आहे. दिवसा साडेतीन तासांना एक टाकी लागते. काल रात्री नऊ तासांत पाव टाकीसुद्धा लागली नाही. म्हणजे जुनी इंजिनं रात्रीच्या थंड हवेत जवळजवळ काहीच पीत नाहीत. हे कोणी लिहिलेलं नाही. मंडळाच्या अंकासाठी लेख लिहायला घेतला. पहिला परिच्छेद झाला. सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांना खोकला आला.

१८ फेब्रुवारी
घरात आता दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत बोलावं लागतं. ही म्हणते, अहो. ठक्. पेट्रोल. ठक्. आणा. हिचं बोलणं इतकं मुद्देसूद कधीच नव्हतं. लग्नानंतर लगेच इंजिन घ्यायला हवं होतं.

तक्रार एक. हिने हौदातल्या उकळत्या पाण्यात बटाटे सोडले. मी म्हटलं, हे ऐतिहासिक यंत्र आहे. ती म्हणाली, गॅस वाचतो. फिटरची बायको सहा अंडी घेऊन आली. फिटरच्या दोरीवरच्या कपड्यांवर धुराचे ठिपके पडले होते, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. फिटर म्हणाला, काका, पांढरा शर्ट गेला, पण ही म्हणते ठिपक्यांचा जास्त शोभतो.

१९ फेब्रुवारी
उलटतपासणी नको म्हणून लिहून ठेवतो. खोलीत सध्या असलेलं सासऱ्यांचं सामान : रेडिओ, औषधांची पेटी, आरसा, शर्टासाठी खिळा, दुसरी उशी, पायपुसणं. सगळं ड्यूटीसाठी लागणारं. माझं हत्यारांचं कपाट तात्पुरतं हॉलमध्ये काढलं. कंपनांमुळे इंजिन रोज बोटभर सरकतं. आज ते नेमकं भिंतीला टेकलं आणि खाटेला ऐसपैस जागा झाली.

गरम पाण्याने सासरे रोज गुडघा शेकतात. आज काठी न घेता अंगणात गेले.

२१ फेब्रुवारी
धक्का. दुपारी दीडला अंघोळ करत होतो. एकाएकी शांतता. पूर्ण. तसाच टॉवेल गुंडाळून, साबणासकट धावलो. दाराशी पोचेपर्यंत ठक्. इंजिन चालू. सासरे खाटेवर उठून बसलेले, एका बाजूचे केस उभे. म्हणाले, तुमच्या कानात पाणी गेलं असेल.

एका पायावर उड्या मारून पाणी काढलं. फारसं निघालं नाही. खोल गेलं असावं.

२२ फेब्रुवारी
उद्यासाठी इंजिन आजच टेम्पोत चढवलं. चार हमाल. त्यांचा म्होरक्या म्हणाला, साहेब, हे बंद करा, मग हात लावतो. मी म्हटलं, ते शक्य नाही. तो म्हणाला, मग आम्हीही शक्य नाही. सासरे मध्ये पडले. जावईबुवा, तुम्ही जरा पुढे जाऊन ड्रायव्हरला रस्ता समजावून द्या. ड्रायव्हरला रस्ता माहीत होता, तरी मी दोनदा समजावला. परत येतो तर इंजिन टेम्पोत आणि चालू. हमाल कसबी होते.

२३ फेब्रुवारी, रात्री
मैदानावर तीस-बत्तीस यंत्रं. कपडे पिळायचे रूळ, पायाची शिलाई मशीन, पाण्याचे पंप, रॉकेलवर फिरणारा एक पंखा. सगळी बंद. एकटं माझं चालू. मनात म्हटलं, निकाल लागला.

अकराला मंडळाचे सचिव यादी घेऊन आले. म्हणाले, सुंदर. बंद करा. मी म्हटलं, का? ते म्हणाले, स्पर्धाच ती आहे, थंड इंजिन हाताने सुरू करून दाखवायचं. पत्रकाच्या दुसऱ्या पानावर आहे.

दुसरं पान.

मी त्यांना समजावलं. हे इंजिन नऊ दिवस चालू आहे. उद्या नाही, परवा नाही, आत्ता बाराला दोनशे सोळा तास पूर्ण होतील. अखंड. ते थांबवणं म्हणजे धावत्या माणसाला ‘जरा मरून दाखव’ म्हणण्यासारखं आहे. लोक जमले. मी आवाज चढवला. रात्रीच्या हवेत पेट्रोल न लागण्याचा शोधही सांगून टाकला. लेखासाठी राखला होता, पण वेळ तशी होती.

सचिवांनी चष्मा वर केला. म्हणाले, रात्री काहीच पेट्रोल लागत नाही? रात्री कोण असतं याच्याजवळ?

सासरे म्हणाले, मी.

आणि हे रात्रभर चालू असतं?

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला लागला नाही, मी मान डोलावली. मग ते सचिवांना म्हणाले, साहेब, माणसाला झोप नको का?

पुढे झाले आणि पेट्रोलचा कॉक फिरवला. इंजिनाने तीन सुस्कारे टाकले. चाकं मंदावली. थांबली.

मी खाली बसलो. गवत ओलं होतं.

हौदातलं गरम पाणी काढून गार भरलं, तरी निवायला तासभर गेला. तेवढ्यात सासऱ्यांनी हौदातच उकडलेली दोन अंडी खाल्ली आणि सचिवांना गिरणीच्या गोष्टी सांगितल्या. दोघं हसत होते. मग उठले. कॉक उघडला, इंजिन हवा घेतं त्या तोंडावर तळहात धरला, हँडल धरून एकच हिसका दिला. ज्या बाजूने मी कधीच फिरवलं नव्हतं त्या बाजूने.

ठक्.

टाळ्या. मीही वाजवल्या, लोक बघत होते म्हणून. हिच्या टाळ्या सगळ्यात शेवटी थांबल्या.

सचिवांनी प्रशस्तिपत्रासाठी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लिहिलं ते दुसरं.

२४ फेब्रुवारी
पैजेचा प्रश्न मीच काढला. शांतपणे. इंजिन चार लोकांसमोर चाललं का? चाललं. मग खोली कोणाची?

वाटलं होतं ही वाद घालेल. ती म्हणाली, तुमची. शब्द म्हणजे शब्द. फक्त बाबांना तिथून उठवून दाखवा.

गेलो. सासरे दुपारचे झोपले होते. खाटेवर उताणे, पाय पूर्ण सरळ. सात-आठ महिने मी त्यांना दिवाणावर गोळा झालेलं बघत होतो. ते माझ्याहून उंच आहेत हे आज कळलं.

दार लोटून घेतलं. आवाज न करता.

२५ फेब्रुवारी
मीमांसा. मालक आणि चालक यांत फरक असतो. इंजिनाचा मालक मी. खोलीचा मालक मी. चालकाने यंत्राजवळ राहावं हे कुठल्याही कारखान्यात मान्य आहे. फिटरला विचारलं. तो म्हणाला, काका, अगदी बरोबर, तुम्ही फक्त आत जाताना दार वाजवत चला.

१ मार्च
सासऱ्यांनी बोलावून हँडल हातात दिलं. म्हणाले, घाबरू नका, अंगठा बाहेर ठेवा. तीस वेळा. योग्य बाजूने. चाललं नाही. त्यांनी धरलं, एकदा. चाललं. मी तीस वेळा फिरवून गरम केलं होतं म्हणून.

हॉलमध्ये कपाटाशेजारी दिवाणावर माझी हत्यारं मांडून ठेवली. जागा पुरेशी आहे.

९ मार्च
सासरे रोज संध्याकाळी पाचला अर्धा तास इंजिन लावतात. बघायला लोक येतात. फिटर कारखान्यातल्या दोघांना घेऊन आला. आज सचिव आले, सोबत त्यांच्या बहीणबाई होत्या. मी दाराशी बादली घेऊन उभा होतो. बाईंनी सासऱ्यांना विचारलं, हे कोण?

सासरे म्हणाले, आमचे जावई. पाणी हेच भरतात.

सगळ्यांनी मागे सरून मला वाट दिली. हौद काठोकाठ भरला. एक थेंब सांडला नाही.

हौदात सव्वानऊ लिटर लागतं. हे फक्त मला माहीत आहे.