फोनवर गोड झालेल्या आया

४ फेब्रुवारी

चुकलंच. साथ सुरू झाली त्या आठवड्यात शेवटचं पान लिहिलं, आणि आज ती ओसरल्याचं जाहीर झाल्यावर पुन्हा वही उघडतेय. ‘सवड नव्हती’ असं लिहिणार होते. खोटं! सवडच सवड होती. भीती वाटत होती. लिहिली तर ती कागदावर राहून जाईल, असं वाटायचं. माफी.

भीती संपली, आता फायदे मोजायचा मोसम. आज आमच्या पाठ्यपुस्तकांच्या ऑफिसात सगळे पहिल्यांदा एकत्र जमले. धड्यांखालचे प्रश्न तपासायचे सोडून सकाळभर साथीचे उपकार आठवणं चाललं होतं. हवा शुद्ध झाली. पक्षी परत आले. माणसं हात धुवायला शिकली — पन्नाशीत! नवरा-बायकोला एकमेकांची नीट ओळख झाली. (आमच्या वरच्या मजल्यावर जरा जास्तच नीट झाली. आता दोघांचे वकील बोलतात.) गणिताचे संपादक म्हणाले, “साथीमुळे माणसाला माणसाची किंमत कळली.” हे ते ज्या खुर्चीत बसून म्हणाले ती भाषेच्या संपादकांची. ते साथीत गेले. खुर्ची चांगली आहे. गोल फिरते.

मी काही बोलले नाही. का नाही? कारण मलाही एक फायदा झालाय.

९ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. माझा फायदा म्हणजे आई.

आई तीन वर्षं त्या वृद्धाश्रमात आहे. “आश्रम म्हणू नकोस, मी काय संन्यास घेतलाय?” म्हणून ‘निवास’ म्हणायचं. साथीआधी दर रविवारी जायची मी. दारातच सुरू. “केस असे ठेवून कुणाला घाबरवतेस?” “पाठीत किती वाकलीस!” “हा रंग दुकानदाराने फुकट दिला का?” परत येताना बसमध्ये दात आवळून बसायची.

मग साथ आली. भेटी बंद. मोबाइलवर जंतू बसतात म्हणून सगळ्यांचे मोबाइल गोळा करून कपाटात टाकले. ते अजून कपाटातच आहेत, जंतू अजून बसलेलेच असणार! राहिला तिथल्या ऑफिसातला एक जुना फोन. आई आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तेव्हा तो आपोआप तिच्या ताब्यात गेला. तिने प्रत्येक घराला वार ठरवून दिला. माझा गुरुवार.

आणि फोनवरची आई! गोड, शांत, ऐकून घेणारी. “बोल, लाइन मोकळी आहे,” म्हणते आणि खरंच बोलू देते. उभ्या जन्मात पहिल्यांदा!

इतकी माणसं गेली आणि मला आई मिळाली. हे वाक्य दोनदा वाचलं. खोडावंसं वाटलं. खरं आहे, म्हणून खोडलं नाही.

११ फेब्रुवारी

निवासाच्या व्यवस्थापकांचा फोन. आम्ही नातेवाईक आपसात त्यांना ‘सुविचार’ म्हणतो — दारातल्या फळ्यावर रोज एक लिहितात, आणि बोलतातही फळ्यासारखंच.

“ताई, तुमचा हात लिहिता आहे. साथीने आपल्याला काय दिलं, यावर एक लेख हवा. सकारात्मक. नातेवाइकांशी बोला, त्यांचे अनुभव घाला.”

मग हळूच मूळ मुद्दा. १ मार्चला नातेवाइकांची सभा. ठराव असा, की दार आहे तसंच बंद ठेवायचं. भेट वर्षातून एकदा, समोरच्या मैदानात. एरवी फोन. मतदानाआधी माझा लेख वाचायचा.

“साधी सर्दीसुद्धा कमी झालीय बघा. रडारड नाही. भेटी थांबल्यापासून सगळ्यांचा रक्तदाब उतरलाय.”

“सगळ्यांचा म्हणजे?”

“म्हणजे... माझा तर उतरलाच.”

हो म्हटलं. खरं तेच लिहीन, असं स्वतःला बजावलं. हे बजावावं का लागलं?

१२ फेब्रुवारी

गुरुवार. आईशी बोलले. गोड! माझी खोकल्याची कुरकुर शेवटपर्यंत ऐकली. एकदाही ‘तुझंच चुकतं’ नाही.

१५ फेब्रुवारी

दोन दिवस नातेवाइकांना फोन करतेय. सगळे खूश. इतके खूश, की साथ पुन्हा यावी म्हणून हे कुठे अर्ज करतील की काय, वाटलं.

एक जावई म्हणाला, “सासूबाईंनी माझी चौकशी केली. लग्नानंतर प्रथमच!” एक सून रडलीच. “म्हणाल्या, ‘तू दमत असशील गं.’” आईच्या खोलीशेजारी एक म्हाताऱ्या बाई आहेत, शाळेत भूगोल शिकवायच्या. सगळे त्यांना भूगोलबाईच म्हणतात. त्यांचा मुलगा दातांचा डॉक्टर. तो म्हणाला, “आई मस्त आहे! हल्ली हसते. पूर्वी भेटायला गेलो की नुसती हात धरून बसायची, सोडायचीच नाही. पेशंट खोळंबायचे. फोनच बरा. मी ठरावाच्या बाजूने.”

लेख आपोआप लिहून झाला. चांगला झालाय. सुविचारांना पाठवला, त्यांना गहिवरून आलं. स्वतःच सांगितलं त्यांनी.

१७ फेब्रुवारी

ऑफिसात एका शिक्षकाने पाठवलेल्या उत्तरपत्रिका पाहत होते. पाच मुलांची उत्तरं शब्दाला शब्द एक. असं दिसलं की माझी पेन्सिल आपोआप थांबते, कुणीतरी एकानेच लिहिलेलं असतं.

आणि तशीच थांबले! घरी येऊन लेख काढला. जावयाची सासू फोनवर काय म्हणते? “बोला, लाइन मोकळी आहे.” सुनेची सासू? “बोल गं, लाइन मोकळी आहे.” डॉक्टरची आई, जिने जन्मभर नद्या आणि पर्वत शिकवले — “बोल बाळा, लाइन मोकळी आहे.”

ही सगळी माणसं एकाच बाईशी बोलताहेत. आणि त्या बाईने मला जन्म दिलाय.

१९ फेब्रुवारी

गुरुवार. आज मी आधी बोलले.

“आई, तू लोकांच्या आया होऊन बोलतेस का?”

“किती जणांना कळलं?”

“मला एकटीला.”

“मग बरं आहे.”

“बरं आहे?! अगं, काय केलंस हे?”

“आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे, कॉल रिकामा जाऊ द्यायचा नाही. समोर मुलगी हॅलो हॅलो करतेय, आणि हिची आई रिसीव्हर उलटा धरून बसलीय. ऐकू येत नाही. दुसरीला येतं, पण मुलगी कोण ते आठवत नाही. तिसरी नुसती रडते. मग पहिल्यांदा एवढंच म्हटलं, ‘मी बरी आहे गं.’ काय बिघडलं? पोरगी झोपली असेल त्या रात्री.”

“आणि मग?”

“मग ती दर आठवड्याला तोच आवाज मागायला लागली.”

“पण कुणालाच ओळखू आला नाही?”

“ओळखायला आधी कधी ऐकलेला असावा लागतो.”

मग भूगोलबाईंचं सांगितलं. दिवसभर दाराकडे तोंड करून बसतात. जेवण समोर तसंच. वाळून काडी झाल्यात. आई रोज त्यांच्या कानाशी ओरडून सांगते, तुमच्या मुलाचा फोन आला होता, तेव्हा कुठे दोन घास जातात. “आणि तो तिकडे खूश, आई हसते म्हणून! मीच हसले होते. दार बंद राहिलं ना, तर तो तिला पुन्हा बघायचा नाही. तू सभेत काहीतरी कर.”

“मी सांगितलं तर तुझं काय होईल?”

“फोन काढून घेतील. घेऊ देत. कान दुखतो आता.”

ठेवता ठेवता विचारलंच, विचारायला नको होतं. “आई, माझ्याशी बोलतेस तेव्हा?”

“तेव्हा मीच असते. आवाज तोच. ड्यूटीवरचा. दुसरा लावला असता तर तू फोन ठेवला असतास.”

२० फेब्रुवारी

दादाला फोन केला. तो परगावी, त्याचा मंगळवार. सगळं सांगितलं.

“माझ्याशी तीच बोलत होती ना? आपलीच आई?”

“हो.”

“मग झालं तर! लोकांच्या भानगडीत पडून आईला तिथून काढायची वेळ आणू नकोस. काढलं तर ठेवणार कुठे? माझ्याकडे तर जागा नाही.”

माझ्याकडे आहे का, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर दोघांना हायसं वाटलं असणार. मला तर वाटलं.

२४ फेब्रुवारी

सुविचारांना कळवलं, लेख परत घेतेय, त्यातलं खरं नाही. म्हणाले, “ताई, सत्यापेक्षा समाधान मोठं.” उद्याच्या फळ्याची सोय झाली त्यांची.

१ मार्च

सभा झाली. मैदानात खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. निवासाची दारं-खिडक्या बंद. आत आमच्या आया, बाहेर आम्ही त्यांच्याविषयी ठरवायला.

उभी राहिले. सगळं सांगितलं — फोनवर कोण बोलतं, का बोलतं, भूगोलबाईंची काय दशा झालीय, सगळं. आईची बाजू मांडताना आवाज चिरकला. खाली बसले आणि आता आईला फाडून खातील म्हणून डोळे मिटून घेतले.

जावई म्हणाला, “म्हणजे सासूबाई बोलतच नव्हत्या?”

“नाही.”

“तरीच!”

हशा. मोठा, मनापासूनचा. काहीतरी सुटल्यासारखा. ती रडणारी सून पुन्हा रडली, पदर — नव्हे, मास्कच डोळ्याला लावला, आणि म्हणाली, “पण काकू किती छान बोलतात हो! त्यांनाच बोलू द्या की. आमची काही हरकत नाही.” मागून कुणीतरी म्हणालं, “हो ना, आमची खरी बोलायला लागली तर पंचाईत!” पुन्हा हशा.

ठराव मंजूर. वर उपसूचना — माझ्या आईला ‘मानद संवाद-प्रमुख’ नेमावं. टाळ्या!

मी विरोधात हात वर केला. केला, पण सगळ्यांचे मोजून झाल्यावर. हे इथे लिहायलाच हवं. दातांच्या डॉक्टरचा हात ठरावाच्या बाजूने होता. लोक खुर्च्या उचलायला लागले तरी तो खाली घ्यायचं विसरला होता.

२ मार्च

ऑफिसात गणिताचे संपादक विचारत होते, “काय मग, निवासाचा लेख कसा झाला?” म्हटलं, उत्तम. सगळ्यांचा फायदा सिद्ध झाला.

४ मार्च

सकाळीच सुविचारांचा फोन. पहिल्यांदाच फळ्याबाहेरची भाषा! “ताई, तुमच्या मातोश्रींना आवरा हो! वाट लावलीय त्यांनी!”

आईने काय केलं? काही नाही. तिचं काम केलं. मानद संवाद-प्रमुख झाल्यापासून ती प्रत्येक कॉल नीट जोडून देतेय. रिसीव्हर ज्याच्या त्याच्या कानाशी, लांब वायर ओढून थेट खाटेपर्यंत. आणि स्वतः गप्प. तिकडून जे येईल ते येईल. जावयाला सासूचा घोरण्याचा आवाज, मग शिव्या. सुनेला, “कोण गं तू?” कुणाला नुसता श्वास. कुणाला रडणं, थांबतच नाही असं. फोन ठेवला तर आई पुन्हा लावते. “कॉल अर्धवट सुटला होता,” म्हणते. बिनचूक ड्यूटी. तक्रार करणार कशाची?

डॉक्टरला भूगोलबाई म्हणाल्या, “तुम्ही कोण बोलताय? माझा मुलगा रोज बोलतो माझ्याशी. त्याचा आवाज मला माहीत आहे.” (रोजचा तो आवाज म्हणजे कानाशी निरोप ओरडणारी माझी आई!)

तो क्लिनिकमधून अंगातला पांढरा कोट न काढताच फाटकाशी येऊन उभा राहिला. दुपारपर्यंत आणखी बरेच. कालपर्यंत टाळ्या वाजवणारे! फाटक हलवून ओरडायला लागले, “काय केलंत आमच्या आईचं?” जणू हे आपण परवाच हात वर करून ठरवलं नव्हतं. संध्याकाळी सुविचारांनी दार उघडलं. सुनेने फोन करून सांगितलं, डॉक्टर आत गेला आणि त्याने आपल्या आईपुढे हात धरून ठेवला. बाईंनी बराच वेळ धरला नाही. मग धरला. कुणाचा म्हणून, देव जाणे.

मी गेले नाही. ऑफिस होतं. ऑफिस पाचला सुटतं.

५ मार्च

गुरुवार. फोन वाजला. ‘लाइन मोकळी आहे’ नाही. काहीच नाही. नुसता श्वास, जड, म्हातारा. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी आई जोडली. “कोण?” म्हणून विचारलं. मी — आईला!

“मी,” म्हणाली. चिरका, खरखरीत आवाज, रविवारचा. “काल सगळ्यांची आली. तू कुठे होतीस? मला इथे नाही राहायचं गं. तेव्हाही नव्हतं. न्यायला ये.”

उद्या : आतली खोली रिकामी करणे.