प्लाऊपासून प्लाऊपर्यंत

२ डिसेंबर
छडीचा आवाज. टक्, टक्-टक्, टक्. आज पहाटे अंथरुणातच ऐकू आला. सत्तरएक वर्षांपूर्वी शाळेत मिस अॅक्रॉइड बाकावर छडीने ठेका धरायच्या आणि आम्ही सगळी पोरं ओढ्याची कविता एका सुरात म्हणायचो. बाहेर बर्फ, आत शेगडीवर वाळत टाकलेल्या मोज्यांचा वास. उठून पाहिलं तर परसदाराची कडी वाऱ्याने वाजत होती. तिच्यात कागदाची घडी अडकवायला हवी. आमच्या घरात हे काम डोरिसचं असायचं.

तरी शकुन तो शकुन. ठरलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी गावाची हिवाळी पायपीट यंदाही निघणार. प्लाऊ पबच्या अंगणातून वर माळावर, माळावरून ओढ्यावर, तिथून परत प्लाऊमध्ये जेवायला. डोरिस मार्चमध्ये गेली म्हणून प्रथा मोडायची नाही. प्रथा मोडली की गाव मोडतं. नेता अर्थात मीच.

५ डिसेंबर
प्लाऊच्या बोर्डावर सूचना लावली. अक्षर अजून वळणदार आहे. पबवाली ग्लेनिस म्हणाली, राजा, यंदा राहू दे की. त्यापेक्षा दुपारी आमच्यातच जेवायला ये, आत स्वयंपाकघरात बसू. मी म्हटलं, लोकांची निराशा होईल. शेकोटीजवळचं लांब टेबल राखून ठेवायला सांगितलं, बारा जणांसाठी. बारा? म्हणाली. मी म्हटलं, दाटीवाटीने चौदाही बसतील.

ग्लेनिस सगळ्यांनाच राजा म्हणते. पण मला म्हणताना तिचा आवाज जरा खाली येतो. आदर असावा.

८ डिसेंबर
संकल्प: रोज सकाळी दोन मैल सराव. नेत्याला दम लागता कामा नये. आज चर्चच्या फाटकापर्यंत गेलो. वारा समोरून होता. वाऱ्याविरुद्ध चाललेलं अंतर दुप्पट धरतात, असं कुठेतरी वाचलंय.

९ डिसेंबर
विश्रांती. सरावाइतकीच गरजेची.

१२ डिसेंबर
प्रतिसाद उत्तम. शेजारचा नॉर्मन म्हणाला, गुडघा म्हणेल तसं, पण कल्पना झकास आहे हं एडविन. म्हणजे हो. पाद्रीणबाई म्हणाल्या, यायला मनापासून आवडेल. म्हणजे हो. पोस्टातली बाई म्हणाली, बघू या, हवा कशी पडते. हेही हो. आमच्या खोऱ्यात जन्म काढला, पण कुणी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलेलं ऐकलं नाही. तेव्हा एकही नकार नाही, हे नोंदवून ठेवतो.

१५ डिसेंबर
कवितांची निवड पक्की केली. माळावरची दगडी कुंपणं ओलांडायला पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीशी थांबायचं, टोप्या काढायच्या, एक कविता. खालच्या कुंपणाशी आगगाडीची, वरच्याशी ओढ्याची, सगळी कडवी. मिस अॅक्रॉइडच्या वर्गात मी सोडून कुणालाच ती पूर्ण येत नसे.

नॉर्मनला ऐकवलं. तो म्हणाला, बाबा रे, गेल्या वर्षी त्या वरच्या कुंपणाशी माझे पाय गोठून गेले आणि तुझा ओढा अजून डोंगरातून खालीच उतरत नव्हता. डोरिस टोपीआडून ब्रँडी द्यायची म्हणून तरलो आम्ही.

वर्ष झालं तरी कविता त्याच्या लक्षात आहे, याचं समाधान वाटलं. ब्रँडीचं काही मला ठाऊक नाही. डोरिसच्या थर्मासमध्ये चहा असायचा. नॉर्मनचं वय झालं.

२० डिसेंबर
नॉर्मन लेकीकडे लीड्सला चाललाय. म्हणाला, पोरीने फारच आग्रह केला. त्याची लेक आग्रह करणाऱ्यांपैकी नाही. पाद्रीणबाईंना दुसऱ्या गावची प्रार्थना आहे. पोस्टातल्या बाईने हवामानाचा अंदाज ऐकलाय. हरकत नाही. गर्दी हवीय कुणाला? मोजके पण दर्दी लोक हवेत. टेबल मात्र बाराचंच ठेवलंय. ऐन वेळी येणारे असतातच.

२५ डिसेंबर
शांत, सुंदर दिवस. कोंबडीचा एक पाय भाजला, बटाटे करपले. नाताळचा क्रॅकर दोघांनी दोन टोकं धरून ओढायचा असतो. ज्याच्या हातात मोठा तुकडा येईल, आतली कागदी टोपी त्याची. मी एक टोक कपाटाच्या दारात अडकवलं आणि ओढलं. दार जिंकलं.

लवकर झोपायचं. उद्या माणसांची वर्दळ.

२६ डिसेंबर, सकाळ
प्लाऊचं अंगण. दाट धुकं. अजून कुणी नाही. धुक्यात लोक जपून गाडी चालवतात, उशीर व्हायचाच.

थोडा वेळ थांबलो.

ग्लेनिस अंगावर शाल ओढून बाहेर आली. राजा, थंडी आहे, आत ये, म्हणाली. मी म्हटलं, मंडळी बहुतेक परस्पर वर माळावर भेटणार आहेत. माझ्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तिने दोन सँडविच घातली. पिशवीत रेनकोट होता, त्याच्यावर. निघतो.

२६ डिसेंबर, दुपार
प्लाऊ. बूट नेहमीप्रमाणे बाहेर पोर्चमध्ये काढले, आत मोज्यांवर. लांब टेबलाशी बसून लिहितो आहे.

पायपीट यशस्वी. रस्ता एकदाच चुकलो, तोही जाणूनबुजून म्हणता येईल. खालच्या कुंपणाशी आगगाडी म्हटली, टोपी काढून. वरच्या शेताचं फाटक उघडून पुढे गेलो. तिथे मेंढ्या होत्या. ओढ्याची कविता म्हणताना एकेक करून धुक्यातून पुढे आल्या आणि शेवटच्या कडव्यापर्यंत हलल्या नाहीत. नमूद करण्यासारखं आहे. मग उतारावर एकदोनदा वळून पाहिलं. धुक्यात मागे कुणीतरी येतंय असं वाटत होतं. हाक मारली नाही. हाक मारली की कळतं.

जेवण गरम आहे. टेबलाशी बारा खुर्च्या होत्या. आज पबमध्ये बाहेरगावची गर्दी फार. एक गृहस्थ आले, फार अदबीने विचारलं, ही खुर्ची कुणाची आहे का? नाही, घ्या ना, म्हटलं. मग त्यांची बायको आली. मग एक तरुण जोडपं, मग आजीबाईंसाठी एक. सगळे माफी मागून नेत होते. मीही प्रत्येकाला, छे छे, खुशाल, म्हणत होतो. आता माझ्या बुडाखालची तेवढी उरली आहे. ग्लेनिस दोनदा येऊन टेबल पुसून गेली. पुसायला काही सांडलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी सूचना लावणार नाही. कविता शाळेतच बऱ्या होत्या. तिथे वर्गाचं दार बंद असायचं.

बाहेर अंगणात बऱ्याच पायांचा आवाज येतोय. पुष्कळ मंडळी दिसतात. उशिरा का होईना

(नंतर, घाईत)
दार उघडलं. एक अनोळखी बाई. तिशी-पस्तिशीची, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काठी. पायपुसण्यावरच उभी राहिली. बूट काढायला वेळ नव्हता. सगळ्या पबला ऐकू जाईल असं तिने विचारलं, पिशवी घेऊन माळावर कविता म्हणत कोण फिरत होतं? सगळी खोली माझ्याकडे वळली. मी हात वर केला, वर्गात करतात तसा.

ती म्हणाली, आजोबा, तुमची मंडळी बाहेर उभी आहेत. अंगणभर मेंढ्या. एक पोर्चमध्ये माझ्या बुटाचा वास घेत होती. बाई म्हणाली, वरचं शेत दिवाळखोरीत निघालेलं, ते ऑक्टोबरमध्ये मीच घेतलं. थंडीत पिशवी वाजली की यांना खाणं आलंसं वाटतं, कविता कसली ऐकतायत त्या. पण फाटक उघडं टाकून कोण जातं? खेड्यात वाढलात ना?

मी म्हटलं, आमच्याकडे रांगेतला शेवटचा माणूस फाटक लावतो. चाळीस वर्षं शेवटी डोरिस असायची. माझी बायको. मी मागे बघत नसे.

ग्लेनिसने हातातलं फडकं खाली ठेवलं.

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या मोज्यांकडे. नाक पुसलं. मग म्हणाली, बूट घाला आजोबा, आणि ती पिशवी घ्या. एकटीने हा कळप मला वर नेता येणार नाही. पुढे तुम्ही चाला, काय म्हणायचं ते म्हणा. शेवटी मी आहे. फाटक मी लावते.

ती दारात उभी आहे. गार वारा आत येतोय. उठतो.