काचेतली कान्नोन

हिनोकुचि, १२ मे २०१६

ति. ताएकोताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी सकाळी कारखाना बंद ठेवून, धुतलेला सदरा घालून मी आपल्याच गावच्या संग्रहालयात गेलो. वाटसरूंच्या टोप्या, टप्प्याटप्प्यावर बदलायच्या घोड्यांचे गवती जोडे, आणि शेजारी काचेत आपली कान्नोन, करुणेची देवी, डोईवर घोड्याचं तोंड असलेली. दरीत पडून मेलेल्या घोडीसाठी पणजोबांनी घाटाच्या वळणावर बसवलेली. रस्ता रुंद झाला तेव्हा बाबांनी ती घाईत संग्रहालयाला दिली आणि मूर्तीतला प्राण काढून घ्यायचा विधी राहूनच गेला. म्हणजे काचेत देव अजून जागा आहे.

तिथल्या बाई सांगत होत्या की आई दर गुरुवारी येऊन काचेपुढे गाजर ठेवते. नियम दाखवला, तर म्हणाली म्हणे, घोड्याला कुठे वाचता येतं. आता पानगळीत सगळा संग्रह शहरातल्या कोठारात, पेट्यांत भरून जाणार. जिवंत देव पेटीत कोंडणार, हे ऐकल्यापासून आईचं जेवण निम्म्यावर आलं आहे. काय करू?

कृपालोभ राहू द्यावा.
धाकटा शिगेहारू

नागोया, १७ मे

चि. शिगेहारूस, अनेक आशीर्वाद.

गाजराचं वाचून आधी हसले, मग डोळे पुसले. मूर्ती परत वळणावर नेऊ नकोस. हल्ली रस्त्यावरचे देव चोरीला जातात. देवळातल्या आचार्यांना बोलाव, प्राण काढून घे, म्हणजे पेटीत जाईल तो नुसता दगड. आईला समजावणं तुझ्याकडे. पन्नाशी आली तरी देवापुढे उभा राहून विचारच करतोस. देवानं तरी किती ताटकळायचं?

गुडघा बरा आहे. पत्रात खंड नको, माया आहेच.
ताएको

हिनोकुचि, ९ जून

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा सल्ला आईला सांगितला. तिनं विचारलं, काढलेला प्राण ठेवणार कुठे, तुझ्या खिशात? मग नदीतून गुडघाभर उंचीचा दगड आणला आणि अंगणात छिन्नी घेऊन बसलो. लाकडात हयात गेली, दगडाला हात पहिल्यांदाच लावला. आई बघून म्हणाली, घोडं कसलं, हा तर रेडा. म्हणजे ताई, तुझ्या चोरांची काळजी मिटली, असला दगड कोण नेईल?

काल सकाळी संग्रहालय उघडण्याआधी आचार्यांनी मंत्र म्हणून जुन्या मूर्तीतला प्राण काढून घेतला. बाईही हात जोडून उभ्या होत्या. तिथून आम्ही वळणावर गेलो, कठड्याच्या आतल्या बाजूला नवा दगड रोवला आणि आचार्यांनी त्यात प्राण घातला. आईनं त्याच्यावर पाणी ओतलं आणि घरी येऊन दोनदा भात मागून घेतला.

संध्याकाळी संग्रहालयानं जुनी मूर्ती कोठारात हलवायच्या संमतीचा कागद पाठवला. त्यात लिहिलं होतं, ‘दगडी मूर्ती, नग एक.’ आता ते खरं होतं. मी सही करून दिली.

लोभ आहे तसाच असू द्यावा.
शिगेहारू