दाजींच्या घरून निघताना

६ फेब्रुवारी १९५५, रविवार
निश्चय झाला. या आठवड्यात ताईचं घर सोडायचं. दिवाळीत चार दिवसांसाठी म्हणून कऱ्हाडहून चिंचवडला आलो, पिंपरीच्या नव्या कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली, आणि राहिलो ते राहिलोच. खोल्या दोन. आतली ताईची, बाहेरची माझी. दाजी ओसरीवर झोपतात. त्यांना वारा आवडतो. थंडीतसुद्धा.
सकाळी ट्रंक भरून ताईला म्हटलं, येतो. ती म्हणाली, राहा की अजून दोन दिवस. सख्ख्या बहिणीचं मन मोडवेना. ट्रंक परत खाटेखाली.

८ फेब्रुवारी, मंगळवार
दोन दिवस झाले. शब्दाला जागून पुन्हा निघालो. दाजी म्हणाले, एवढी घाई कसली, जेवून जा. जेवलो. जेवल्यावर डोळा लागला. उठलो तेव्हा अंधारून आलेलं.
दोष माझा नाही, मराठीचा आहे. निघणारा 'येतो' म्हणतो, घरचे 'राहा' म्हणतात. माणसानं निघायचं कसं?

१० फेब्रुवारी, गुरुवार
मशिनरी बसवायला मेक्सिकोहून मोरालेससाहेब आलेत. लंच टाइमला विषय काढला. त्यांच्या स्पॅनिशमध्ये म्हणे बाहेर पडणं वेगळं, उठून चालू लागणं वेगळं, मागे काही टाकून जाणं वेगळं. प्रत्येकाला स्वतंत्र शब्द. इंग्रजीत सगळ्याला मिळून एकच, लीव्ह. इंग्रजाला इथून निघायला दीडशे वर्षं लागली ती त्यामुळेच, असं माझं मत.
साहेबांना विचारलं, तुमच्याकडे पाहुणा उठला की घरचे काय म्हणतात? म्हणाले, 'हे घर तुमचंच आहे,' असं म्हणतात. मग पाहुणा काय करतो? साहेब म्हणाले, जातो. आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. भाषेची गोडी असलेला माणूस त्यांना इथे दुसरा भेटला नसावा.

१३ फेब्रुवारी, रविवार
आज इंग्रजीतून. दाजी देहूरोडच्या मिलिटरी डेपोत आहेत, त्यांना कळतं. खणखणीत म्हटलं, आय ॲम लीव्हिंग टुडे. परिणाम अद्भुत. दाजी ताडकन उठले, ट्रंक स्वतः उचलून थेट रस्त्यापर्यंत नेली. मेहुण्याचा केवढा हा मान.
तेवढ्यात ताई चुलीपुढून सवयीनं म्हणाली, जेवून तरी जा रे. दाजींनी तिच्याकडे असं काही पाहिलं की मलाच भरून आलं. माझा वियोग त्यांना सोसला नसता. ट्रंक मीच आत आणली. दाजींच्या हातात बळ उरलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी, गुरुवार
आठवडाभर रोज वांगी. ताई म्हणते, बाजारात दुसरं काही मिळत नाही. मला तर मंडईत कोबी दिसला. असो. खाणाऱ्यानं नावं ठेवू नयेत.
शेजारच्या सायकल दुकानाचे मीरासाहेब पंक्चर काढता काढता म्हणाले, "ज्योतीरामभाऊ, लोक राहा म्हन्त्यात ती रीत हाय. राहायचं नसतंय."
मीरासाहेबांना बहीण नाही. बिचाऱ्यांना काय कळणार?

२० फेब्रुवारी, रविवार
आनंदाची बातमी. दाजींना देहूरोडला क्वार्टर मिळालं. अभिनंदन केलं आणि माझी खोली पुढची की मागची ते विचारलं. खोली एकच आहे म्हणाले. शिवाय पाहुणा ठेवायला बंदी. मिलिटरीचा कायदा. सांगताना त्यांना यातना होत असणार, पण चेहरा मोठ्या धीरानं हसरा ठेवला होता.
दोन खोल्या सोडून एका खोलीत कोण जातं? सरकारी नोकरी वाईट. रात्री ताईला तसं म्हटलंही. ती तांदूळ निवडत राहिली.

२७ फेब्रुवारी, रविवार
सकाळी लॉरी आली. सामान चढवायला मीही हात लावला. माझी खाट दाजींचीच होती, तीही गेली. ट्रंक तेवढी भिंतीशी राहिली.
ताईनं डब्यात चार भाकऱ्या बांधून दिल्या. माझ्या शर्टाचं बटण तुटलं होतं, ते उभ्या उभ्या लावलं. मग म्हणाली, "ज्योती, येते रे."
मी निरोपाची एवढी तयारी केलेली, तीन भाषांची. पण तोंडातून निघालं, "ताई, राहा की अजून दोन दिवस."
मनापासून म्हटलं. आणि म्हणता म्हणता कळलं, की मनापासून हे असं म्हणत नसतात.
ताईचे डोळे भरले. लॉरीच्या पायरीवरचा पाय तिनं खाली घेतला. दाजी म्हणाले, "अगं, बस." ती बसली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
चूल अजून कोमट आहे. भाकऱ्या खाल्ल्या. घरभर फिरलो, दोन खोल्या फिरायला वेळ लागत नाही. ओसरीवर बसून पाहिलं. वारा फार बोचतो.
घरमालक आबाजी डोकावले. पहिल्या तारखेला नवे भाडेकरू येतायत म्हणाले. मी म्हटलं, उद्या सकाळी निघतो. आणि थोडा थांबलो.
ते 'बरं' म्हणाले.