शीतपेटीतले आइस्क्रीम आणि पत्नीचे रक्त

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कर्करोग रुग्णालय, मुख्य इमारत.

विषय: औषध पुढे रेटण्यापूर्वी पत्नीच्या रक्ताची फेरतपासणी होणेबाबत.
संदर्भ: प्रयोगशाळाप्रमुखांचे उत्तर, 'तक्रारीत तथ्य आढळत नाही.'

महोदय,

१. माझ्या पत्नीस स्तनाचा कर्करोग आहे. औषध लागू पडते की नाही हे ठरवताना रक्तातली काही प्रथिने वाढली की घटली, हेही आपले डॉक्टर पाहतात. त्यासाठी तिचे व इतर बायकांचे रक्त प्रयोगशाळेत गोठवून ठेवतात आणि पुरेसे साचले की एकदम तपासतात; ऊब लागली तर ही प्रथिने नासतात. पद्धत चांगली आहे. गोठवले तर.

२. गेल्या महिन्यात प्रयोगशाळेस 'उत्कृष्ट शीतव्यवस्था' असे मानपत्र मिळाले. समारंभाचे आइस्क्रीम वितळू नये म्हणून ते डीप फ्रीझरमध्ये ठेवले. जागा पुरेना, तेव्हा रक्ताच्या नळ्यांचे खोके उन्हाच्या खिडकीत ठेवले. मी समोरच्या बाकावरून पाहत होतो. भाषणे आटोपली, आइस्क्रीम बाहेर आले, रक्त आत गेले. आम्हालाही आग्रहाने एकेक कप मिळाला. पत्नी म्हणाली, छान घट्ट आहे. ते तिच्याच रक्ताच्या जागी घट्ट झाले होते, हे मी कप संपल्यावर सांगितले. त्या दिवशी ती मग जेवली नाही.

३. अहवाल आले. बाकावरच्या झाडून साऱ्या बायकांची प्रथिने उतरली, म्हणजे कागदावर औषध साऱ्यांनाच लागू पडले. त्यात एकीचे औषध अजून सुरूच झालेले नाही. विभागाने तिचेही अभिनंदन केले.

४. गाठ हाताला पूर्वीपेक्षा मोठी लागते, असे पत्नीने डॉक्टरांना सांगितले. ते संगणकाकडे पाहत म्हणाले, "बाई, हातावर नको, रिपोर्टवर विश्वास ठेवा." सबब तेच औषध चालू आहे. ते लागू पडत नसेल तर वेळ आपला जात नाही, तिचा जातो.

५. प्रयोगशाळाप्रमुख कळवतात की समारंभभर फ्रीझरचे तापमान योग्य होते. ते मला मान्यच आहे. फ्रीझर थंड होता, आइस्क्रीम थंड होते, साहेबही थंड आहेत. ऊन काय ते रक्ताला लागले. शिवाय आम्ही कप स्वीकारल्याने समारंभात सहभागी ठरतो, म्हणून आम्हाला तक्रार करता येत नाही, असेही ते म्हणतात.

६. महोदय, मला या साऱ्याची किळस आली आहे. खुलासा नको, माफी नको, मानपत्रही भिंतीवर राहू द्या. सोमवारी नवे रक्त घेऊन लगेच तपासावे, उरलेले खरोखर गोठवावे, गाठ हाताने व यंत्राने पाहावी, मगच औषध ठरवावे. तिच्या शिरा आता सुई दिसली की दडतात, तरी ती तयार आहे. तिचे म्हणणे जसेच्या तसे: "अहो, त्या साहेबांना लिहा, नळी मी मांडीवर घेऊन बसणार. आधी फ्रीझर उघडून दाखवा, मग उठते."

आइस्क्रीम उरले असल्यास ते खिडकीत ठेवावे. वितळले तरी आमची हरकत नाही.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
रुग्णाचा नवरा
शनिवार

सोबत: १. अहवालाची प्रत.
२. आइस्क्रीमचा लाकडी चमचा, पत्नीचा. परत नको.